पॅरिस-लंडन-स्वित्झर्लंड-रोम: शेंगेन व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा आणि एन्ट्री किती मागायच्या?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण युरोपला जायचं म्हणतोय. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी, सासरे (७१) आणि सासूबाई (६६). राहायला नाशिक जिल्ह्यात, विमान मुंबईहून. आत्ताचा आराखडा असा: ५ मेला पॅरिस, तिथे ४ रात्री. मग रेल्वेने लंडन, ३ रात्री. लंडनहून विमानाने झुरिक, तिथे आणि ल्युसर्नला मिळून ४ रात्री. शेवटी रोमला ३ रात्री आणि १९ मेला परत.

प्रश्न बरेच आहेत. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या रात्री सारख्या आहेत, तर अर्ज कोणाकडे करायचा? नवऱ्याची द्राक्षबाग आहे, त्यामुळे पगारपत्रक नाही आणि वर्षाचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच येतो. एका एजंटने सांगितलं की खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की अर्ज नाकारतात. मी खासगी शाळेत शिक्षिका आहे. सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, त्यांचा पासपोर्ट ३० जुलैला संपतो. तो चालेल का? आणि सासूबाईंचं नाव बँकेत वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं आहे.

सह्यवाट

कागदांच्या आधी मार्ग बदला. तुमच्या निम्म्या अडचणी मार्गातूनच निघाल्या आहेत.

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. ब्रिटन त्यात नाही. पॅरिसहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि झुरिकला उतरताना दुसऱ्यांदा आत येणार. व्हिसा एका एन्ट्रीचा, म्हणजे एकदाच आत येण्याचा, मिळाला असेल तर तो पॅरिसच्या गार दु नॉर स्टेशनवरच संपला. युरोस्टारमध्ये (पॅरिस-लंडन रेल्वेत) बसण्याआधी तिथेच फ्रान्सची बाहेर पडण्याची नोंद होते आणि पुढच्या खिडकीवर ब्रिटनचे अधिकारी पासपोर्ट पाहतात. त्यानंतर लंडनला झुरिकच्या विमानात तुम्हाला कोणी बसू देणार नाही. अर्जात दोन किंवा मल्टिपल एन्ट्री मागता येतात, पण मागितल्या म्हणून मिळतीलच असं नाही.

लंडन सुरुवातीला घ्या. मुंबई-लंडन ५ मे, ८ मेला युरोस्टारने पॅरिस, १२ किंवा १३ला गार द लिओं स्टेशनवरून टीजीव्ही लिरिया या वेगवान रेल्वेने झुरिक (चार तासांच्या आसपास), तिथून गोट्टहार्ड मार्गाने रेल्वेने मिलान आणि पुढे रोम. ८ मे ते १९ मे सलग शेंगेनमध्ये, एका एन्ट्रीत काम झालं, आणि लंडन-झुरिक विमानाचे पैसेही वाचले. परतीचं विमान रोमहूनच घ्या, लंडनला परत जाऊ नका.

आता अर्ज कोणाकडे. नियम असा की ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. दिवस सारखे असतील तर शेंगेनच्या ज्या देशात पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. तुमच्या ४-४ रात्रींच्या हिशेबात तो देश फ्रान्स होतो. पण बरोबरीत ठेवूच नका, पॅरिसला पाचवी रात्र द्या आणि स्वित्झर्लंडची एक कमी करा, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: अमक्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून त्या देशाच्या पाच रात्री कागदावर दाखवायच्या आणि नंतर बुकिंग बदलायचं, हा सल्ला एजंट सर्रास देतात. तो ऐकू नका. सीमेवर हॉटेलचं बुकिंग मागितलं आणि व्हिसा एका देशाचा, मुक्काम दुसरीकडे असं दिसलं, तर व्हिसा तिथल्या तिथे रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे.

व्हिसा हातात आला की तिथेच उभं राहून स्टिकर वाचा. कधीपासून आणि कधीपर्यंत या दोन तारखा असतात आणि त्याखाली मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. एका एन्ट्रीच्या व्हिसात तारखांची खिडकी साधारण १५ दिवस जास्तीची देतात, विमान पुढेमागे झालं तर सोय म्हणून. म्हणजे तारखा २७ दिवसांच्या दिसतील आणि दिवस फक्त १२ लिहिलेले असतील. राहता येतं ते १२ दिवसच, आणि त्यात आत आल्याचा व बाहेर पडल्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. रात्री मोजून अर्ज भरणारे इथेच एका दिवसाने चुकतात. ८ ते १९ म्हणजे ११ रात्री, पण १२ दिवस.

ताळेबंद

पैशांबद्दल. मोठी रक्कम दिसली म्हणून अर्ज नाकारत नाहीत. ती कुठून आली हे कागदावर दिसलं नाही, म्हणून नाकारतात. अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून पाच लाख आणून ठेवले, तर तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ते उघडं पडतं. द्राक्षाचे पैसे हंगामात येतात, ही तुमची खरी परिस्थिती आहे. ती लपवायची नाही, उलगडून दाखवायची.

त्यासाठी तीन महिन्यांऐवजी पूर्ण बारा महिन्यांचं स्टेटमेंट द्या, बँकेचा शिक्का आणि सही प्रत्येक पानावर. मग गेल्या हंगामातली जमा, त्यातून वर्षभर झालेला खर्च आणि यंदाची जमा असा सगळा क्रम अधिकाऱ्याला दिसतो. मोठ्या जमांसमोर पेन्सिलने १, २, ३ आकडे टाका आणि त्याच क्रमाने व्यापाऱ्याची किंवा निर्यातदाराची पट्टी (विक्रीची पावती) लावा. माल निर्यातीला जात असेल तर ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणी प्रणालीवरच्या बागेच्या नोंदणीची प्रत जरूर जोडा. सोबत सातबारा आणि आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, पण तो मराठीत असतो. फ्रेंच अधिकाऱ्याला तो वाचता येणार नाही, तेव्हा इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. भाषांतराशिवाय लावलेला सातबारा नुसता फाइल जाड करतो.

शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून बरेच बागायतदार प्राप्तिकराचं रिटर्नच भरत नाहीत. व्हिसासाठी हा मोठा तोटा आहे. कर शून्य असला तरी रिटर्न भरा आणि शेतीचं उत्पन्न त्यात करमुक्त म्हणून दाखवा. शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. हे आताच सीएला सांगा.

रक्कम किती असावी याचे काही आकडे ठरलेले आहेत. फ्रान्स हॉटेल बुकिंग असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो आणि नसेल तर १२० युरो धरतो. स्वित्झर्लंड माणशी दिवसाला १०० फ्रँक धरतो. पाच जणांचे पॅरिसचे पाच दिवस म्हणजे १,६२५ युरो, स्वित्झर्लंडचे तीन दिवस १,५०० फ्रँक, आणि इटली वेगळं. हे किमान झालं. प्रवास संपल्यावरही घर चालेल इतकी शिल्लक दिसली पाहिजे. एफडी जरूर दाखवा, पण फक्त एफडी दाखवू नका. खर्चाला हाताशी असलेला पैसा बचत खात्यात लागतो.

तुमच्यासाठी शाळेचं पत्र लागेल. 'मे महिन्यात सुट्टीच असते, रजा कशाला' असं शाळा म्हणेल. तरी लेटरहेडवर पत्र घ्या: हुद्दा, कधीपासून नोकरी, उन्हाळी सुट्टी कधी ते कधी आणि पुन्हा रुजू व्हायची तारीख. ही शेवटची ओळ सर्वांत मोलाची, कारण नाकारण्याच्या ठरीव कारणांमध्ये 'मुदत संपण्यापूर्वी परत जाल याची खात्री वाटत नाही' हे एक ठळक कारण आहे. सासऱ्यांसाठी पेन्शन जमा होतं त्या खात्याचं स्टेटमेंट आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत पुरेल. खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा. सासऱ्यांचं नाव नवऱ्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडील म्हणून असतंच, त्याची प्रत लावा.

उंबरठा

सासऱ्यांचा पासपोर्ट चालणार नाही. शेंगेनमधून बाहेर पडल्यावर पुढे तीन महिने मुदत शिल्लक लागते. १९ मेला निघालात तर १९ ऑगस्टपर्यंत हवी, आणि यांची ३० जुलैला संपते. मुदत संपायच्या वर्षभर आधी रीइश्यू करता येतो, तेव्हा आजच अर्ज टाका. बाकीच्यांचे पासपोर्टही तपासा: पासपोर्ट दिल्याच्या तारखेपासून दहा वर्षं होऊन गेलेली नकोत आणि किमान दोन पानं कोरी हवीत. मुलीचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तिची तारीख लोक हमखास विसरतात.

सासूबाईंच्या नावाचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. पासपोर्टवर नाव, मध्ये पतीचं नाव, मग आडनाव. बँकेत मधलं नाव गळलेलं किंवा माहेरचं आडनाव. अर्ज, विमानाचं तिकीट आणि विमा या तिन्हींवर पासपोर्टवर छापलंय तसंच, अक्षर न बदलता नाव हवं. अर्जात 'जन्माचं आडनाव' असा वेगळा रकाना असतो, तिथे माहेरचं आडनाव लिहायचं. तुम्हीही लिहा. बँकेतलं आडनाव वेगळं असेल तर लग्नाचा दाखला लावा. जुन्या काळातल्या लग्नाचा दाखला नसतो बऱ्याचदा, तेव्हा पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचं पतीचं नाव आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र द्या.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पार्श्वभूमी फिक्या रंगाची, सहा महिन्यांच्या आतला. बोटांचे ठसे चौघांचे घेतात, १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. शेतात किंवा घरकामात आयुष्य गेलेल्यांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन ते वाचत नाही. आठ-दहा दिवस आधीपासून रोज रात्री बोटांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, मात्र व्हिसा केंद्रावर जाताना हात कोरडे करून जा. लग्नसराईत मेंदी काढली असेल तर तीही आड येते. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

विमा किमान ३०,००० युरोचा, शेंगेनमधल्या सगळ्या देशांत चालणारा, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. व्हिसासाठी ८ मेपासून चालेल, पण तुम्ही ५ मेपासूनच घ्या, लंडनही त्यात येतं. सासऱ्यांचा विमा स्वस्त बघून घेऊ नका. सत्तरीपुढच्या अनेक पॉलिसींत आजारानुसार वेगवेगळ्या खर्चमर्यादा असतात आणि आधीपासूनच्या आजारांचं कलम वेगळं असतं. बीपी किंवा मधुमेह असेल तर ते कलम वाचल्याशिवाय पैसे भरू नका. व्हिसा मिळण्यापुरता कागद वेगळा आणि परदेशातल्या रुग्णालयात उपयोगी पडणारा विमा वेगळा.

गोदाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. लंडन पहिलं घेतलं, पॅरिसला पाच रात्री केल्या. आता शेंगेन आणि ब्रिटन अशा दोन व्हिसांचा क्रम काय ठेवू? पासपोर्ट तर एकच. आणि एकूण फी किती? पॅरिसला नवऱ्याचा मामेभाऊ असतो, त्याच्यासाठी हापूसची पेटी नेता येईल का?

सह्यवाट

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधीपासून. म्हणजे क्रम ठरलेलाच आहे: सासऱ्यांचा नवा पासपोर्ट, मग जानेवारीत शेंगेन, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ब्रिटन. जानेवारीत यंदाचे द्राक्षाचे पैसे आलेले नसतील, म्हणून ताळेबंद म्हणतात ते बारा महिन्यांचं स्टेटमेंट महत्त्वाचं. शेंगेनचा निर्णय १५ दिवसांत अपेक्षित असतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबवता येतो. ब्रिटनचा साधारण तीन आठवडे. प्रवासाच्या १५ दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात हे खरं, पण मेसाठी एप्रिलवर विसंबू नका, उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट त्याआधीच संपतात.

फ्रान्सचा अर्ज आधी फ्रान्स-व्हिसाच्या संकेतस्थळावर भरायचा, मग व्हीएफएसची (अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीची) वेळ घ्यायची. तुम्हाला मुंबई किंवा पुणे. फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, सहाखाली माफ. तुमचे चौघांचे ३६० आणि मुलीचे ४५, एकूण ४०५ युरो रुपयांत, वर केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही. म्हणून विमानाचं तिकीट व्हिसाआधी पक्कं करू नका, आरक्षण दाखवा. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या, पण निर्णय येईपर्यंत रद्द करू नका, कारण मधल्या काळात हॉटेलला फोन करून पडताळतात.

शेंगेनने नाकारलंच तर ब्रिटनच्या अर्जात ते लिहावं लागतं. तिथे स्पष्ट प्रश्न असतो. खरं उत्तर द्या आणि नकारपत्राची प्रत जोडा. नकारापेक्षा लपवणं जास्त नडतं.

उंबरठा

हापूस नाही. युरोपियन युनियनमध्ये ताजी फळं नेताना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. आंबा त्यात बसत नाही, पेटी विमानतळावर जप्त होते. मांस आणि दुधाचे पदार्थही बंद आहेत, म्हणजे तूप, खवा, पनीर घरीच ठेवा. चिवडा, चकली, मेतकूट, लोणचं, कोरडा मसाला चालतो, फक्त पाकीट बंद हवं आणि आत काय आहे ते इंग्रजीत लिहिलेलं हवं.

युरोस्टारचं म्हणाल तर शेंगेनची एन्ट्री लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरच होते, फ्रेंच अधिकारी तिथेच बसतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या ईईएस या सीमेवरच्या नोंदणी पद्धतीत पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद करतात. व्हिसावाल्यांचे ठसे आधीच त्यांच्याकडे असल्यामुळे नव्याने साठवत नाहीत, पण जुळवून बघू शकतात. त्याची वेगळी फी नाही, कोणी मागितली तर देऊ नका. ज्येष्ठ आणि मूल सोबत असल्याने स्टेशनवर तिकिटावरच्या वेळेपेक्षा बरंच आधी पोहोचा. हॉटेलची बुकिंगं, विमा आणि रोमहून परतीचं तिकीट यांचे कागदी प्रिंट हातातल्या बॅगेत ठेवा, मोबाइलवर नकोत. व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो, आणि तो हेच तीन कागद मागतो. सासूसासऱ्यांना मुक्कामाच्या गावांची नावं आणि रात्री पाठ असू द्या, कारण प्रश्न त्यांनाही विचारतात.