मदत हवी आहे: दमट हवेत वॉशखाली शाई पसरते

नमस्कार मंडळी. इमारतींची रेखाटनं शाईने काढून त्यावर वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, द्यायची सवय आहे. साहित्य: लॅमी सफारी फाउंटन पेनची एफ (बारीक) निब, प्लॅटिनमची कार्बन काळी शाई, ३०० जीएसएमचा कॉटन कागद. कोरड्या हवेत रेघ लवकर पक्की होते. पावसाळ्यात मात्र दहा मिनिटांनंतरही वॉश फिरवला की कमानींच्या कडा करड्या होतात. दोन रेघा छेदतात तिथला ठिपका सगळ्यात आधी सुटतो. कागदाला साइझिंग (पाणी लगेच मुरू न देणारी प्रक्रिया) भरपूर, त्यामुळे शाई आत न मुरता वरच साचते, असा अंदाज आहे.

नोव्हेंबरात व्हेनिसला जायचंय, तिथेही हवा दमटच. आधी रंग, मग रेघ हा क्रम चालतो, पण खिडक्यांची मापं हुकतात. ईएफ (अतिबारीक) निब घ्यावी, की कमी साइझिंगचा सेल्युलोज (लाकडी लगद्याचा) कागद? डी अॅट्रामेंटिस कंपनीची डॉक्युमेंट शाई (सुकल्यावर पाण्याने न सुटणारी) अशा हवेत किती वेळात सुकते? वापरली असेल तर कागदासकट सांगा, प्लीज.