एकच इंटरफेस सगळ्या संगणकांवर न्यायचा, तर बटणे कोणी रंगवायची?

मूळ मत
विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारा प्रोग्राम लिहिताना बटणे, मेनू आणि संवादचौकटी आपण स्वतः रंगवू नयेत, त्या त्या प्रणालीकडूनच घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. वापरणाऱ्याचा हात सवयीने चालतो. विंडोजवर ‘ओके’ डावीकडे आणि ‘कॅन्सल’ त्याच्या उजवीकडे असते, मॅकवर मात्र मुख्य कृतीचे बटण उजव्या टोकाला असते. विंडोजची चौकट जशीच्या तशी मॅकवर नेली, की सवयीने उजवीकडे क्लिक करणारा माणूस केलेले काम जतन करण्याऐवजी रद्द करून बसतो. डब्ल्यूएक्सविजेट्स हे टूलकिट (म्हणजे बटणे, मेनू असे पडद्यावरचे घटक प्रोग्रामला तयार पुरवणारा संच) १९९२ पासून प्रणालीचेच घटक वापरत आले आहे, आणि ते योग्यच आहे.

प्रतिसाद १
असहमत. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या एडब्ल्यूटी या पहिल्या टूलकिटने १९९६ मध्ये हीच वाट धरली होती. सर्व प्रणालींवर जे समान आहे तेवढेच देता येत असल्यामुळे त्यात तक्ता किंवा वृक्षरचना दाखवणारा घटकसुद्धा नव्हता, शिवाय एकाच घटकाचे वागणे प्रत्येक प्रणालीवर थोडे वेगळे असे. म्हणूनच १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आलेल्या स्विंग या नव्या टूलकिटने बहुतेक घटक स्वतः रंगवायला घेतले. बटणांच्या क्रमाचे म्हणाल, तर क्यूटी हे टूलकिट घटक स्वतः रंगवते, तरीही तिथे आपण फक्त ‘हे स्वीकारण्याचे, हे नाकारण्याचे’ एवढेच सांगायचे असते, क्रम प्रणालीनुसार आपोआप लागतो.

मूळ लेखकाचे उत्तर
क्रमाचा मुद्दा मान्य. पण स्वतः रंगवलेले बटण प्रणालीच्या दृष्टीने निव्वळ ठिपके असतात. आम्ही एकदा असाच एक देखणा तक्ता रंगवला होता. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या एका सहकाऱ्याला त्यातून फक्त खिडकीचे शीर्षक ऐकू येई. ओळी, रकाने, निवडलेली नोंद यांतले काहीच नाही. ती माहिती विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्या तीन वेगवेगळ्या व्यवस्थांना आपणच पुरवावी लागते. प्रणालीच्या तयार तक्त्यात यातले बहुतेक सारे आयते मिळते, आणि ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे असते.

प्रतिसाद २
ही उणीव खरी आणि गंभीर आहे, पण ती टूलकिटच्या पातळीवर एकदा भरून काढता येते. क्यूटीने तसे केलेही आहे. मला खरी अडचण वेगळीच वाटते. विंडोजच्या सेटिंगच्या चौकटीत ‘ओके’, ‘कॅन्सल’ आणि ‘अप्लाय’ अशी बटणे असण्याचा प्रघात आहे, तर मॅकवर बदल केल्याक्षणी लागू होतो. इथे घटक कोणी रंगवला याला महत्त्वच उरत नाही, कारण ‘कॅन्सल’ केल्यास परत आणायचे जुने मूल्य कुठवर जपून ठेवायचे हे प्रोग्रामच्या गाभ्यातच ठरवावे लागते. तो निर्णय खिडकीच्या कोडमध्ये अडकवून ठेवला, तर दोन्ही पक्षांना पुढच्या प्रणालीसाठी पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागेल.