मदत हवी आहे: सरकारी कामाच्या करारात गृहीतकं आणि अडचणी लिहायच्या तरी कुठे?

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात प्री-बिड मीटिंग (निविदा भरण्याआधी ठेकेदारांच्या शंकांसाठी कार्यालय घेतं ती) आहे म्हणून घाईने विचारतोय. मी आणि मोठा भाऊ मिळून छोटी सरकारी कामं घेतो, बहुतेक रस्ते आणि शाळाखोल्या. आता पहिल्यांदाच जलजीवन मिशनमधल्या एका गावच्या नळपाणी योजनेचं टेंडर भरायचं म्हणतोय. विहीर, पंपघर, उंच टाकी, पाइपलाइन असं सगळं. बी-१ फॉर्म (टक्केवारी दराने भरायचा सरकारी करारनामा), मुदत १२ महिने, पावसाळ्यासहित.

कागद नीट वाचले तर लक्षात आलं की इस्टिमेट बऱ्याच गोष्टी धरून चाललंय पण त्या लिहिलेल्या कुठेच नाहीत. टाकीची जागा ग्रामपंचायतीची म्हणतात, सातबारा जोडलेला नाही. लाइन राज्यमार्गाच्या कडेने जाते, रोड कटिंगची परवानगी कोणी काढायची याचा उल्लेख नाही, मधला एक तुकडा वनविभागाच्या हद्दीत आहे. पंपाचं थ्री फेज कनेक्शन महावितरण देणार, ते लांबलं तर ट्रायल रन कशी घेणार, आणि ट्रायल रनशिवाय फायनल बिल नाही!

खोदाईची तर जास्तच काळजी वाटते. इस्टिमेटमध्ये जवळपास सगळा मुरूमच दाखवलाय. आम्ही स्वतः गावात फिरून आलो, वरच्या आळीत एकाने घराच्या पायासाठी खड्डा घेतलाय तिथे कमरेएवढ्या खोलीवर काळा पाषाण लागलाय, पहार मारली की ठिणगी उडते. वस्तीत सुरुंग लावता येणार नाही, म्हणजे ब्रेकर लावून दिवसाला किती मीटर होणार सांगा.

टेंडरसोबत अटी घातल्या तर सशर्त निविदा म्हणून बाद करतात. नाही घातल्या तर उद्या उशिराचा दंड आमच्या माथी. भाऊ म्हणतो सगळेच असं भरतात, पण सगळेच नंतर मुदतवाढीसाठी चकरा मारतात हेही बघतोय ना. मग हे सगळं कागदावर आणायची योग्य जागा कुठली? ज्यांनी पाणीपुरवठ्याची कामं केलीत त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
निविदेत एक शब्दही घालू नका. जे काय आहे ते प्री-बिडला लेखी द्या, मीटिंगमध्ये तोंडी बोललेलं कोणी धरत नाही. त्यावर कार्यालय सीएसडी काढतं, म्हणजे कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन, निविदेतल्या बदल-खुलाशांचा एकच कागद, तो सगळ्या ठेकेदारांना लागू होतो आणि कराराचा भाग बनतो. प्रश्न असा विचारा की उत्तर हो किंवा नाहीच यावं. "परवानगीबाबत खुलासा व्हावा" लिहिलंत तर "निविदा अटींनुसार" एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा "रोड कटिंगची परवानगी व त्याची फी कार्यालय भरणार का, आणि परवानगी येईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळणार का" असं विचारा.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. खडकाचं म्हणाल तर बी-१ मध्ये कलम ३८ वाचा, परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तरी दर टेंडरचाच राहतो. बिलापेक्षा जास्त घोळ मोजमापाचा होतो. चर उघडी असतानाच शाखा अभियंत्यांना बोलवून माती, मुरूम, खडक वेगवेगळं मोजून मोजमाप पुस्तिकेत चढवून घ्या, पाइप टाकून माती ओढली की पुरावा गेला. आणि कार्यारंभ आदेश मिळाला की लगेच पत्र द्या, कुठली जागा ताब्यात मिळाली, कुठली नाही. अडचण आली की त्याच महिन्यात मुदतवाढीचा अर्ज, काम संपल्यावर नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ६७ पण बघून ठेवा, काम करून घेणाऱ्यानेच सोय दिली नाही तर त्यामुळे जे राहिलं त्याचा दोष काम करणाऱ्यावर येत नाही असं त्यात आहे.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे! आज रात्रीच प्रश्न लिहायला बसतो. फक्त एक, वनविभागाच्या तुकड्यासाठी नुसती परवानगी विचारू की पर्यायी मार्गाचा नकाशाही मागू? मार्ग बदलला तर लांबी वाढते, मग पंपाचा हेडही (पंपाला पाणी किती उंच ढकलावं लागतं तो हिशेब) बदलेल ना?