मदत हवी आहे: रानभेंडीची केवडा रोगाला असलेली प्रतिकारशक्ती

नमस्कार. मी ठाण्यात राहतो. शहापूर तालुक्यात आमची भेंडीची थोडी शेती आहे. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग, म्हणजे यलो व्हेन मोझॅक, एकदा शिरला की पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे फिकट व राठ होतात आणि पुढे फवारणीचा फारसा उपयोग होत नाही, कारण कीटकनाशक माशी मारते, विषाणू नव्हे.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात पुसा सावनी या भेंडीच्या वाणाचा ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट या नातेवाईक प्रजातीशी संकर करून आणि पुढे पुन्हा पुसा सावनीशीच संकर करत 'परभणी क्रांती' हे रोगप्रतिकारक वाण तयार केले. नंतर मात्र त्याची प्रतिकारशक्ती बरीच ढासळली. (विषाणूही बदलतो, हे बियाण्याच्या जाहिरातीत कुठेच नसते.)

आमच्या बांधावर पावसाळ्यात लवदार रानभेंडी उगवते आणि शेजारचे पीक पिवळे पडले तरी ती हिरवी राहते. ही खरी प्रतिकारशक्ती, की माशीच तिच्यावर बसत नाही, हे घरच्या घरी कसे तपासावे? प्रजाती ओळखण्यासाठी नमुना राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अकोला केंद्राकडे कोणी पाठवला आहे का? भेंडी आणि रानभेंडी यांच्या संकराची पहिली पिढी बहुधा वांझ निघते, म्हणून प्रत्यक्ष संकर केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.