सासूबाई माळकरी आहेत, इथे हिरवा ठिपका नाही, सामान घेताना काय काय बघू?

प्रश्न:
नमस्कार. पुढच्या महिन्यात सासूबाई ५ महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला येतायत. त्या माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका बघितला की झालं, इथे तसं काहीच नाही. काल सहज दह्याच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं तर जिलेटिन! दोन वर्षं आम्ही तेच दही खातोय, मला रडूच आलं. त्यांच्या पोटात नकळत असलं काही जायला नको. कुणी सांगेल का प्लीज?

उत्तर १:
ताई, दही घरीच विरजा, तो विषयच संपला. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडं उकळून काढलेलं, ते मार्शमेलो आणि गमी गोळ्यांमध्ये पण असतं. गुलाबी-लाल दही, ज्यूस, कँडी घेताना कार्माइन किंवा कोचिनियल शब्द शोधा, तो रंग किडे वाळवून काढतात. २०११ पासून इथे ते नाव लेबलवर लिहावंच लागतं, त्यामुळे सापडतं. टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) आणि रिफ्राइड बीन्सच्या (शिजवून घोटलेल्या राजम्यासारख्या बीन्स) डब्यात लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते, नुसत्या बीन्स बघून टाकू नका कार्टमध्ये.

उत्तर २:
चीजचं राहिलं. दूध फाडायला रेनेट लागतं, ते पूर्वी बहुतेक वासराच्या पोटातून काढायचे. आता बरंचसं मायक्रोबियल म्हणजे सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं असतं पण लेबलवर नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असतं, मग कळणार कसं? 'व्हेजिटेरियन' किंवा 'मायक्रोबियल रेनेट' लिहिलेलंच घ्या. इटलीचं खरं पार्मेजान मात्र नियमानेच वासराच्या रेनेटचं असतं, पेस्टोमध्ये (बेसिलच्या पानांची इटालियन चटणी) पण बऱ्याचदा तेच. आणि कोशर (ज्यूंच्या आहारनियमांचा) शिक्का दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, कोशरमध्ये मासे आणि अंडी चालतात.

उत्तर ३:
एवढं कशाला, नकळत खाल्लं तर दोष लागत नाही, त्यांना सांगूच नका.

उत्तर २:
नाही हो दादा, हे मला अजिबात पटत नाही. त्यांनी माळ घातलीय ती विचार करून, आपण ठरवणारे कोण? कळलं तर ती माऊली इथे पाणीसुद्धा सुखाने पिणार नाही.

उत्तर ४:
औषधं विसरू नका!! माझ्या आईच्या वेळी सगळा किराणा तपासला आणि गोळ्या राहिल्याच. कॅप्सूलचं कवच बहुतेक जिलेटिनचं असतं, फिश ऑइल तर माशाचंच. व्हिटॅमिन डी३ साधारण मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनतं, ते चालतं का हे त्यांनाच विचारा. स्वतःहून काही बंद करू नका, तिथल्या डॉक्टरांना आधी विचारून टॅब्लेट किंवा व्हेज कॅप्सूल लिहून घ्या.

प्रश्नकर्ती:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आत्ताच फोन केला, त्यांच्या रोजच्या औषधांत दोन कॅप्सूल निघाल्या, उद्या डॉक्टरांकडे जातायत. विरजण घालायला ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून घोटभर ताक आणते.