विमानाच्या प्रतिकृतींसाठी विजेवर चालणारी छोटी करवत कोणती घ्यावी?

खानापूरचा हौशी

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहतो आणि गेली तीन वर्षे बाल्सा (अतिशय हलके लाकूड) व प्लायवूडची, रिमोटवर उडणारी विमाने बांधतो. आजवर सारे काम कटर आणि हातकरवतीवर भागले. परंतु सध्या हाती घेतलेल्या विमानाच्या पंखांत बाल्साच्या बावीस रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) आणि धडात ३ मिमी प्लायचे नऊ फॉर्मर (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटी) आहेत. फॉर्मर हाताने कापताना कड तिरकी जाते आणि ती सरळ करण्यासाठी पॉलिश पेपरने घासण्यातच संध्याकाळ संपते. बेळगावच्या दुकानदाराने जिगसॉ (हातात धरून चालवायची करवत) घ्या असे सांगितले, तर इंटरनेटवर कोणी स्क्रोल सॉ (टेबलावर बसवलेली, वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याची करवत) सुचवतो, कोणी छोटा टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत), कोणी छोटा बँड सॉ. यांपैकी एकच यंत्र घेणे मला परवडेल. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उद्यमबागेतला फिटर

जिगसॉचा विचार सोडून द्या. दुकानदाराचा त्यात दोष नाही. त्याच्याकडे येणारे गिऱ्हाईक दारे-खिडक्या करणारे असते. जिगसॉचे पाते साधारणपणे वर येताना कापते, त्यामुळे पातळ प्लाय वर उचलला जाऊन थरथरतो आणि वरच्या थराचे ढलपे निघतात. शिवाय त्यात यंत्र लाकडावर फिरवावे लागते. तळहाताएवढा फॉर्मर कापायचा असेल, तर यंत्र स्थिर आणि लाकूड फिरते असेच हवे.

बँड सॉ सरळ आणि शांत कापतो, पण त्याचे पाते म्हणजे अखंड पट्टा असल्यामुळे फॉर्मरच्या आतला भाग त्यावर कापता येत नाही. वजन कमी करण्यासाठी तुम्ही फॉर्मर आतून पोकळ करणारच. स्क्रोल सॉमध्ये आधी छिद्र पाडून, पात्याचे एक टोक सोडवून ते छिद्रातून ओवता येते. माझे मत स्पष्टपणे स्क्रोल सॉच्या बाजूने आहे. पात्यापासून मागच्या खांबापर्यंत १६ इंच, म्हणजे सुमारे ४०० मिमी, मोकळी जागा देणारे यंत्र तुमच्या कामाला पुरेसे आहे. वेग कमी-जास्त करण्याची सोय मात्र असावीच. मिनिटाला पात्याचे ४०० ते १६०० वर-खाली ठोके हा पल्ला अनेक यंत्रांत मिळतो.

घेताना एक गोष्ट तपासा. काही यंत्रांत दोन्ही टोकांना आडवी पिन असलेले पातेच बसते. ती पिन आत जाण्यासाठी छिद्र मोठे पाडावे लागते. बिनपिनीचे पाते दीड-दोन मिलिमीटरच्या छिद्रातून जाते आणि त्यात बारीक पात्यांची निवडही जास्त मिळते. दोन्ही प्रकारची पाती घेणारे यंत्र मिळाले तर उत्तम.

निपाणीकर काका

फिटरसाहेबांचे म्हणणे फॉर्मरपुरते मान्य आहे, पण विमानात पट्ट्याही तितक्याच लागतात. स्पार (पंखाचा मुख्य दांडा), लाँजरॉन (धडातल्या लांब पट्ट्या), पंखाची मागची कड या सगळ्या सरळ लांब पट्ट्या स्क्रोल सॉवर कधीच सरळ निघत नाहीत, कारण बारीक पाते लाकडाच्या तंतूंच्या रेषेमागे वाहवत जाते. म्हणून मी स्वतः आधी छोटा टेबल सॉ घेतला.

उद्यमबागेतला फिटर

काका, पाइन किंवा स्प्रूसच्या पट्ट्यांसाठी तुमचे म्हणणे खरे आहे. बाल्साचा मात्र हिशेब करून पाहा. ७५ मिमी रुंदीच्या बाल्साच्या फळीतून ३ मिमीच्या पट्ट्या काढल्या आणि टेबल सॉच्या पात्याने प्रत्येक कापात १ मिमी लाकडाचा भुसा केला, तर १९ पट्ट्या मिळतात. स्टीलची पट्टी धरून कटरने काढल्या तर २५ मिळतात. महाग लाकडाचा चौथा हिस्सा भुशात कशाला घालवायचा? आणि छोट्या टेबल सॉवर अरुंद तुकडा मागे उसळण्याचा धोका असतो, तो वेगळाच. त्याला हाताऐवजी काठीनेच ढकलावे.

निपाणीकर काका

हिशेब पटला. बाल्साच्या रिबसुद्धा कटरनेच कापाव्यात, त्यासाठी यंत्राची गरज नाही. यंत्र घ्यायचे ते प्लायसाठी. फक्त खानापूरकरांनी यंत्र जड बुडाचे घ्यावे आणि टेबलाला बोल्टने घट्ट बसवावे. हलके यंत्र थरथरते आणि त्या थरथरीने रेष सुटते. तुमच्याकडचा पाऊस पाहता यंत्राच्या ओतीव लोखंडाच्या टेबलाला जूनच्या आधी मेण चोळून ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत त्यावर गंज चढलेला दिसेल.

खानापूरचा हौशी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मी बिनपिनीचे पाते घेणारा १६ इंची स्क्रोल सॉ मागवला आणि काल तो जोडला. पण पहिल्याच कापात प्लाय टेबलावरून उड्या मारू लागला आणि ढलपेही उडाले. पाते इंचाला २० दात्यांचे आहे.

उद्यमबागेतला फिटर

उड्या मारतो म्हणजे पाते उलटे बसले असण्याची शक्यता जास्त. दात्यांची टोके खाली, टेबलाकडे हवीत. बारीक पात्यावर ते डोळ्यांना दिसत नाही. यंत्र बंद असताना बोट हलकेच खालून वर फिरवले की दाते बोटाला अडकतात, ती बाजू बरोबर.

ढलप्यांचे कारण दुसरे असते. कापताना लाकडाच्या जाडीत निदान दोन-तीन दाते असावेत असा आमच्याकडचा आडाखा आहे. इंचाला २० म्हणजे दर १.२७ मिमीला एक दाता. ३ मिमी प्लायमध्ये दोनच दाते राहतात, म्हणजे काम जेमतेम. दीड मिमीच्या प्लायमध्ये तर एकच दाता येतो आणि तो कापण्याऐवजी ओढतो. म्हणून अशा दीड मिमी प्लायचे चार तुकडे दुहेरी चिकटपट्टीने एकावर एक चिकटवा आणि ६ मिमीचा गठ्ठा करून एकदम कापा. वरचे तीनही फॉर्मर सारखे निघतील आणि ढलपे उडाले तरी सर्वांत खालच्या तुकड्याचेच उडतील. म्हणून खाली टाकाऊ तुकडा घ्या. टेबलावरचे पात्याचे भोक मोठे असेल, तर पातळ प्लायच्या तुकड्यात यंत्र चालू असताना पात्यानेच मध्यापर्यंत आपल्यापुरती फट पाडून घ्या आणि मग यंत्र बंद करून तो तुकडा त्या भोकावर चिकटवा. प्लायची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

खानापूरचा हौशी

पाते खरोखरच उलटे होते. नऊपैकी चार फॉर्मर आज निघाले. या नऊंशिवायचा, इंजिनामागचा ६ मिमीचा फॉर्मर उद्या कापेन, तो एकटाच आहे. त्याला गठ्ठ्याची गरज नाही.