टेबल करणे : मांडणे की बासनात गुंडाळणे?
इंग्रजीतल्या 'टेबल' (table) या क्रियापदाला मराठीत कोणी 'मांडणे' तर कोणी 'पुढे ढकलणे' हा प्रतिशब्द सुचवतो. दोन्ही बरोबर आहेत, मात्र एकाच देशात नव्हेत. ब्रिटनमध्ये ठराव टेबल करणे म्हणजे तो चर्चेसाठी सादर करणे. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मात्र टेबल करण्याचा प्रस्ताव मंजूर झाला, की मूळ विषय बहुधा कायमचाच निकालात निघतो, त्यामुळे 'पुढे ढकलणे' हा अर्थही तिथे जरा सौम्यच ठरतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत विन्स्टन चर्चिल यांनी याचा मासलेवाईक किस्सा दिला आहे. एक टिपण तातडीने विचारात घ्यावे म्हणून ब्रिटिश अधिकारी ते टेबल करू पाहत होते, आणि अमेरिकनांना वाटले, की ब्रिटिशांना ते खणात टाकून विसरायचे आहे. दोन्ही पक्षांना हवे होते एकच, हे उमगेपर्यंत चांगलीच हमरीतुमरी झाली.

आपल्या संसदेने आणि विधिमंडळाने ब्रिटिश वळण उचलले, म्हणूनच अहवाल 'सभागृहाच्या पटलावर' ठेवला जातो. अमेरिकी बातमी मराठीत आणताना 'फेटाळणे' किंवा 'बाजूला सारणे' हेच शब्द मला योग्य वाटतात.